सहीची जागा

कागद चार घड्यांचा होता. मधल्या घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. वर ‘श्री’, त्याखाली ‘उभय पक्षांच्या संमतीने ठरलेली यादी’, आणि मग निळ्या शाईत एकाखाली एक ओळी. मुलीच्या अंगावर पाच तोळे. मुलाला अंगठी. मानपानाचे कपडे. कपाट, दिवाण, गादी, मिक्सर, पाच मोठी भांडी. सगळ्यात खाली दोन्हीकडच्या थोरामोठ्यांच्या सह्या. दोन मामा, एक आत्याचे यजमान, एक गावचे सरपंच. जिच्या लग्नाची ही यादी होती तिची सही कुठेच नव्हती.

पुण्यात, शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातल्या बाकावर ती हा कागद मांडीवर पसरून बसली होती. वय छत्तिशीच्या आसपास. लग्नाला बारा वर्षं झालेली, त्यातली शेवटची दोन माहेरी. शेजारी थोरला भाऊ, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत लग्नाचा अल्बम.

यंदाच्या अंकाचा विषय ‘वाटणी’ आहे, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा भावाभावांची, बांधावरची वाटणी डोळ्यांपुढे आली. ती लिहिणारे खूप आहेत. दोघांनी मिळून उभा केलेला संसार मोडतो तेव्हा त्याची वाटणी कशी होते, हे जाऊन बघायचं मी ठरवलं. पुण्यात काही दिवस काढले, संगमनेरकडे गेले, मग बांद्याहून गोव्यात उतरले. भेटलेल्यांची नावं इथे देत नाही, ओळखू येतील अशा खुणाही बदलल्या आहेत. बाकी जे पाहिलं ते असं.

यादी आणि अल्बम

‘यादी पे शादी’ हा शब्द आपण कौतुकानं वापरतो. बैठक बसते, देणंघेणं ठरतं, कागदावर येतं, सुपारी फुटते. आज ते सगळं गोडीगुलाबीत चाललेलं असतं. पुढे कधी हाच कागद कोर्टात दाखल करावा लागेल, हे तिथल्या कुणाच्या मनातही नसतं.

नुसती रीत म्हणून नव्हे, कायदा म्हणूनही अशी यादी हवी असते. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालचे १९८५ चे नियम सांगतात की, लग्नात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या वेगवेगळ्या याद्या करायच्या. वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं. वधूच्या भेटींची यादी वधूनं ठेवायची, आणि दोघांनीही सही करायची. अशी यादी केलेलं लग्न मला एकही भेटलं नाही. बैठकीतली यादी भेटते. पण ती घरच्यांची असते, मुलीची नसते.

मग पुरावा म्हणून अल्बम. भाऊ एकेक पान उलटत वकीलबाईंना दाखवत होता. “हा राणीहार बघा मॅडम. या बांगड्या. हे तोडे मामीनं घातलेले.” वकीलबाई फोटोवर पेन्सिलीनं आकडे टाकत होत्या. दागिने लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी सासूबाईंच्या लॉकरमध्ये गेले होते. पावत्या दोनच सापडल्या.

स्त्रीधनाबद्दल कायदा स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की, स्त्रीधन हे तिचं एकटीचं. सासरी ठेवायला दिलं म्हणून ते सासरच्यांचं होत नाही. ती अमानत ठरते आणि परत न देणं हा गुन्हा ठरू शकतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ घटस्फोटाच्याच दाव्यात लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंचा निवाडा करायची सोय देतं. म्हणजे हार, तोडे, कपाट, दिवाण यांच्यासाठी कायद्यात कलम आहे.

बारा वर्षांत उभ्या राहिलेल्या घरासाठी नाही.

निरंक

हे मला कळायला दोन दिवस लागले, आणि कळल्यावर धक्का बसला. महाराष्ट्रात नवराबायको वेगळे होतात तेव्हा ‘वैवाहिक मालमत्ता’ अशी काही चीज कायद्यापुढे नसतेच. ज्याच्या नावावर जे, ते त्याचं. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर असेल तर फ्लॅट नवऱ्याचा. दोघांच्या नावावर असेल तर दोघांचा, आणि मग कुणी किती पैसे घातले यावरून वाद. सिनेमात आणि परदेशी बातम्यांत ‘निम्मी संपत्ती बायकोला’ ऐकून आपला समज झालेला असतो. इथे बायकोला मिळते ती पोटगी.

शब्दच बघा. पोटापुरतं ते पोटगी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दावा चालू असतानाची, कलम २५ खाली कायमची. दंड प्रक्रिया संहितेच्या जुन्या १२५ कलमाखाली मिळायची ती आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ खाली. न्यायाधीश नवऱ्याची मालमत्ता बघतात, पण बघतात ते त्याची ऐपत मोजायला. हिंदू विवाह कायद्यात नवराही पोटगी मागू शकतो, ती गोष्ट वेगळी. मुद्दा असा की, बाई तिथे मालकीण म्हणून उभी राहत नाही, गरजू म्हणून उभी राहते. आपली गरज तिला सिद्ध करावी लागते.

पूर्वी उत्पन्न लपवायचा खेळ वर्षानुवर्षं चाले. २०२० मध्ये ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालानं दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र भरणं बंधनकारक केलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्यातच ठरलं. ते प्रतिज्ञापत्र मी शेजारी बसून भरताना पाहिलं. शिक्षण, नोकरी, बँकखाती, विमा, शेअर, वाहन, सोनं, दरमहाचा किराणा, मुलाची फी, औषधं. स्थावर मालमत्तेचा रकाना आला. वकीलबाईंच्या हाताखालच्या मुलीनं विचारलं, “ताई, तुमच्या नावावर काही?” तिनं मान हलवली. मुलीनं लिहिलं, ‘निरंक’.

मग हळूहळू जी हकीकत बाहेर आली ती नंतर मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकली की पाठ झाली. वाकडचा दोन खोल्यांचा फ्लॅट. कर्ज नवऱ्याच्या नावावर, हप्ता त्याच्या पगारातून. तीही नोकरी करत होती, एका पतसंस्थेत. तिच्या पगारातून वाणी, दूध, वीजबिल, मुलाची शाळा, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्याचा पगार भिंतींत गेला, तिचा पगार रोजच्या खर्चात. तिनं खर्च उचलला नसता तर त्याला हप्ता झेपला नसता, हे शेजारीपाजारी सांगतील. पण बँकेच्या पासबुकात हप्ता त्याच्या खात्यातून वळता झालेला दिसतो, आणि वाण्याच्या बिलांची फाईल कुणी ठेवत नाही.

आणि जी नोकरी करत नव्हती तिचं काय? २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर असा वाद आला. नवरा आखातात नोकरीला, बायको इकडे घर-मुलं सांभाळणारी. त्याच्या कमाईवर घेतलेल्या मालमत्तेत तिच्या घरकामाचाही वाटा आहे, असं त्या न्यायालयानं मान्य केलं. निकाल वाचताना बरं वाटलं. पण तो घटस्फोटातल्या वाटणीचा नियम नाही, आणि संसदेनं केलेला कायदा तर नाहीच.

संमतीचा भाव

पुण्यात निकालापर्यंत लढणारे दिसले, पण जास्त दिसले ते ‘म्युच्युअल’वाले. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब. एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, दोघांची संमती हवी. अर्ज, मग सहा महिन्यांची मुदत, मग पुन्हा दोघांनी येऊन ‘हो’ म्हणायचं. ही मुदत सक्तीची नाही, योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितल्यापासून बरीच प्रकरणं लवकर सुटतात.

इथे वाटणी होते, पण ती न्यायाधीशांपुढे होत नाही. ती होते जिन्याखाली, चहाच्या टपरीवर, समुपदेशकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर. “एकरकमी किती?” हा पहिला प्रश्न. एकीकडून आकडा येतो, दुसरीकडून निम्म्यावर उतरतो. मग रक्कम ठरते, अटी टाईप होतात: इतके पहिल्या तारखेला, उरलेले हुकूमनाम्याच्या दिवशी डिमांड ड्राफ्टनं. दागिने परत. एकमेकांवरच्या तक्रारी मागे. मूल कुणाकडे, भेट कोणत्या शनिवारी. आणि शेवटी जवळजवळ प्रत्येक कागदात एक ओळ, की पत्नीचा यापुढे पतीच्या कोणत्याही स्थावर-जंगम मालमत्तेवर हक्क राहणार नाही.

एका अनुभवी समुपदेशकांना मी विचारलं, या आकड्यामागे हिशेब काय असतो? त्या म्हणाल्या, “हिशेब दमण्याचा असतो. जो आधी दमतो तो कमीवर येतो. आणि बाई आधी दमते, कारण ती भावाच्या घरात राहत असते.”

हे वाक्य मला फार लागलं. ज्याच्या हातात घर आहे त्याला वाट बघणं परवडतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं २००५ मध्ये बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क लागू होऊ शकतो, हे २०२० च्याच आणखी एका निकालानं स्पष्ट केलं. पण तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. आणि ज्या घरात जेवणाच्या ताटावरून बोलणी खावी लागतात तिथे कोर्टाचा आदेश घेऊन राहणारी बाई मला एकच भेटली.

दोघांच्या नावावर फ्लॅट असलेल्यांची गुंतागुंत आणखी निराळी. नवरा-बायको वेगळे होतात, पण बँकेच्या लेखी दोघंही कर्जदार राहतात. एकानं हिस्सा सोडायचा तर बँकेची परवानगी, नोंदणी, सोसायटीच्या भागदाखल्यावर बदल. हे सगळं हुकूमनाम्याआधी उरका, असं जाणते वकील सांगतात. पती-पत्नी असेपर्यंत बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कात मोठी सवलत असते, नातं संपलं की तीही संपते.

मेल्यावर वाटा

संगमनेर मी मुद्दाम निवडलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी ‘परित्यक्ता’ हा प्रश्न तिथून महाराष्ट्रापुढे आला. अ‍ॅडव्होकेट निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या टाकलेल्या बायकांना एकत्र आणलं. तोवर या बायका ना विधवांच्या मोजणीत, ना घटस्फोटितांच्या.

‘टाकलेली’. गावात अजून हाच शब्द आहे. वीस-वीस वर्षं माहेरच्या ओसरीवर काढलेली, पण घटस्फोट न घेतलेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, भोळेपणा असेल, नाही तर कुंकवाची माया. एका मावशींनी मला दुसरंच कारण सांगितलं. त्यांच्या सासरी साडेतीन एकर बागायत आहे. नवऱ्यानं दुसरी केली आहे, कायद्यानं ते लग्न खरं नाही. मावशी म्हणाल्या, “मी सोडचिठ्ठी दिली तर मी कुणाची कोण? अन् उद्या त्यो मेला तर मी त्याची बायको हाय.”

अडाणी म्हणवणाऱ्या बाईनं हिंदू वारसा कायदा बरोबर ओळखला होता. १९५६ च्या त्या कायद्यात बायको पहिल्या वर्गातली वारस आहे, मुलांच्या बरोबरीनं. घटस्फोट झाला की ती वारस उरत नाही. म्हणजे नवरा मेला तर वाटा, आणि जिवंतपणी वेगळं झालं तर पोटगी. जमिनीच्या आशेनं एक बाई मोडलेलं लग्न वीस वर्षं अंगावर वागवते.

पोटगीसुद्धा हाती पडेल तेव्हा खरी. शेतकऱ्याचं उत्पन्न दाखवायचं कशानं? ऊस भावाच्या नावानं जातो, दुधाचं बिल आईच्या नावानं. पोटगी थकली की वसुलीचा अर्ज, मग वॉरंट, मग थकलेल्या महिन्यापोटी महिनाभरापर्यंतची कैद. आणि अर्ज वर्षाच्या आत केला नाही तर जुनी थकबाकी या मार्गानं बुडाली. एक तरतूद मात्र आहे, जी फार कमी वापरली जाते. कलम २५ खाली कोर्ट पोटगीचा बोजा नवऱ्याच्या जमिनीवर चढवू शकतं. तो बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात लागला की जमीन गुपचूप विकणं अवघड होतं. तिथल्या एका वकिलांनी मला तसा उतारा दाखवला. सोसायटीच्या कर्जाच्या बोजाखाली, बारीक अक्षरात, एका बाईच्या पोटगीची नोंद होती. सासरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव पहिल्यांदा आलं ते असं.

याच महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली होती. शेतकऱ्यानं आपणहून बायकोच्या नावावर जमीन करावी, तिचं ऋण फेडावं. गावंच्या गावं पुढे आली. हे कुठल्याही कोर्टाच्या धाकानं झालं नव्हतं, आणि मला त्याचं मोल फार वाटतं. पण ते नवऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर उभं होतं, आणि घटस्फोटाच्या दारात नेमका तोच संपलेला असतो.

मुस्लिम बायकांची वाट याहून वेगळी आणि तितकीच खडतर. मेहर, इद्दत, १९८५ चा शाहबानो निकाल, १९८६ चा कायदा, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा दिलेली ग्वाही की १२५ कलमाचा दरवाजा त्यांनाही उघडा आहे. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला होता, तेव्हापासूनची ही लढाई आहे. पैशाच्या बाबतीत तिथेही मागणं पोटगीचंच राहिलं. घरातल्या वाट्यापर्यंत बोलणं पोचलेलंच नाही.

पत्रादेवीच्या पलीकडे

बांदा सोडलं, पत्रादेवीचा नाका ओलांडला. दोन्हीकडे तीच लाल माती, तेच माड, आडनावंही पुष्कळशी तीच. कायदा मात्र तिथे बदलतो.

गोव्यात पोर्तुगिजांनी १८७० पासून लागू केलेली नागरी संहिता मुक्तीनंतरही चालू राहिली. १९१० पासून तिथे घटस्फोटाचा कायदा आहे. मुंबई प्रांतात हिंदूंना तो मिळायला १९४७ साल उजाडलं. आणि मालमत्तेचा मूळ नियम असा: लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर नवरा-बायकोची मालमत्ता एक होते आणि दोघंही तिचे निम्मे-निम्मे मालक. लग्नाआधीची, नंतरची, वारशानं आलेलीसुद्धा. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांना तेच.

म्हापशातल्या एका ज्येष्ठ वकिलांच्या कचेरीत बसले होते. समोर घर विकायला आलेलं कुटुंब. तीन भाऊ, दोन बहिणी, आणि प्रत्येकाचा जोडीदार. पाच वारसांचे दहा जण. जावयांच्याही सह्या, सुनांच्याही. एक सून मुंबईला होती, तिचं मुखत्यारपत्र आलेलं नव्हतं. वकीलबाबांनी कागद बाजूला सारला. “बायलेची सय ना जाल्यार कागद फुडें वचना.” बायकोची सही नसेल तर कागद पुढे जात नाही. तो भाऊ निमूटपणे उठून बायकोला फोन लावायला बाहेर गेला.

मी पुण्याहून आलेली. मला ते दृश्य बघून गहिवरून आलं, हे लपवत नाही.

घटस्फोट झाला की तिथे ‘इन्व्हेंटरी’ची कार्यवाही सुरू होते. गोव्याच्या २०१२ च्या वारसा आणि इन्व्हेंटरी कायद्यानं ती नीट बांधून दिली आहे. दोघांच्या सगळ्या मालमत्तेची आणि देण्यांची यादी करायची, किंमत ठरवायची, निम्मे भाग पाडायचे. एकच घर असेल आणि दोघांनाही हवं असेल तर त्यांच्यातच बोली लागते. जास्त बोलेल त्यानं घर घ्यायचं आणि दुसऱ्याला फरकाची रक्कम द्यायची. बाई इथे पोट दाखवत नाही. ती बोली लावते. इतकं हे निम्मेपण मुरलेलं आहे की, आयकर कायद्यातही गोव्याच्या जोडप्यांसाठी वेगळं कलम आहे: घरभाडं, धंदा वगैरेंचं उत्पन्न दोघांच्या विवरणपत्रांत निम्मं-निम्मं दाखवायचं. पगार तेवढा ज्याचा त्याचा.

गोव्याला स्वर्ग ठरवून मी परत आले नाही. तिथल्या बायकांनी मला सोडलं नसतं. संहितेनं कारभार नवऱ्याकडे दिलेला. स्थावर विकायला बायकोची सही लागते, पण दुकानातला माल, बँकेतली रोकड, बार्ज किंवा ट्रक हलवायला नवऱ्याला अडसर नाही. इन्व्हेंटरी उभी राहीपर्यंत यादीत उरतं काय, हा तिथला प्रश्न. संपत्तीसारखं कर्जही निम्मं अंगावर येतं. लेकीचा वाटा जावयाच्या घरात जाईल म्हणून कित्येक माहेरं तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतात. १८८० च्या जुन्या हुकमानं हिंदू नवऱ्याला ठरावीक परिस्थितीत दुसऱ्या लग्नाची मुभा ठेवली होती, हा डागही त्याच संहितेच्या अंगावर आहे. आणि सही करणारी बाई काय वाचून सही करते, ते वेगळंच. डिचोलीच्या एका शिक्षिका म्हणाल्या, “आमचो अर्धो वांटो कागदार आसा. हातांत येवपाक झगडचें पडटा.”

खरं आहे. पण झगडायला कागद आहे. साडेतीन एकरांसाठी नवऱ्याच्या मरणाची वाट बघणाऱ्या मावशींकडे तो नाही.

इकडे तो आणायचा प्रयत्न झाला होता. २०१० मध्ये संसदेत विवाह कायद्यांच्या दुरुस्तीचं विधेयक आलं, २०१३ मध्ये ते राज्यसभेत मंजूरही झालं. घटस्फोट देताना नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून, वारशानं आलेलीही जमेस धरून, बायको-मुलांना भरपाई द्यायची तरतूद त्यात होती. विरोध झाला, कुटुंबं मोडतील म्हणून, पुरुष नागवले जातील म्हणून. लोकसभेत ते पारित झालंच नाही आणि २०१४ ला लोकसभेबरोबर विसर्जित झालं. विधेयकात उणिवा होत्या, नवरा-बायको दोघांच्याही कमाईचा आणि कष्टांचा हिशेब त्यात यायला हवा होता. पण ते पुन्हा नीट लिहून आणायला हवं, असं मला मनापासून वाटतं. लग्नानंतर उभं केलेलं दोघांचं, एवढी एक ओळ कायद्यात आली असती तर त्या बाकावरचा अर्धा भावताव थांबला असता.

टेम्पो

पुण्याचं प्रकरण अखेर अटींवर मिटलं. एकरकमी रक्कम दोन हप्त्यांत, मूल तिच्याकडे, दागिन्यांपैकी अल्बममध्ये दिसतात तेवढे, आणि यादीतलं सामान. सामान आणायला ती आणि भाऊ टेम्पो घेऊन निघाले. “तुम्हीही चला,” ती म्हणाली, म्हणून मी गेले.

वाकडच्या त्या फ्लॅटमध्ये कुणी फारसं बोललं नाही. कपाट उतरलं, दिवाण उतरला. भांड्यांपाशी सासूबाई थांबल्या. “हे पातेलं आमचं आहे.” तिनं पातेलं उचललं, उलटं केलं, आणि काठाखाली बोट ठेवलं. टोच्यानं कोरलेली अक्षरं होती: चि. सौ. कां., तिचं नाव, ‘हिस लग्नप्रीत्यर्थ मामाकडून’, तारीख. सासूबाईंनी हात मागे घेतला. तिनं मग पाचही भांडी उलटी करून नावं वाचली आणि यादीवर खुणा केल्या.

जाताना तिनं स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून एकदा हात फिरवला. तो काळा ग्रॅनाइट तिनं स्वतः निवडला होता, दिवाळीच्या बोनसमधून. यादीत ओटा नव्हता.

खाली फाटकाशी टेम्पो अडवला गेला. सुरक्षारक्षकानं जाडजूड वही पुढे केली. सामान बाहेर काढायचं तर नोंद लागते. तो ओळखीचाच होता, “नमस्कार वहिनी” म्हणाला. तिनं तारीख लिहिली, फ्लॅटचा नंबर लिहिला, सामानाचा तपशील लिहिला आणि शेवटच्या रकान्यात सही करायला पेन टेकवलं. रक्षक ओशाळून म्हणाला, “तिथे नको वहिनी. तिथे फ्लॅटमालकाची लागते.”

तिनं पेन उचललं. भावानं वर फोन लावला. टेम्पोचं इंजिन बंद करून आम्ही तिघं फाटकापाशी उभे राहिलो, तो लिफ्टनं खाली येऊन सही करेपर्यंत.